गार्डावाचून गेलेली गाडी

साहेबलोकांच्या गोड बोलण्यावर ऑर्मंड गिटन्सचा तिळमात्र विश्वास नव्हता. बार्बाडोसहून लंडनला येऊन त्याला तीस वर्षं झाली, त्यातली बावीस उपनगरी गाडीच्या गार्डाच्या केबिनमध्ये गेली. साहेबाने फुकट केक खाऊ घातला की कुणाच्या तरी पोटावर पाय येतो, हे तो पुरतं ओळखून होता. गाडीच्या अंगाला कॅमेरे बसले, ड्रायव्हरपुढे त्यांची चित्रं दाखवणारे पडदे लागले आणि 'हे फक्त तुमच्या मदतीला' म्हणत केक कापला गेला, तेव्हा त्याने केकला हात लावला नाही. मदत कसली डोंबलाची! दारं ड्रायव्हरच बघणार, ड्रायव्हरच लावणार, मग गार्डाने काय माश्या मारायच्या?

आशा एकच होती. युनियनच्या बैठकीत ड्रायव्हरांनी शब्द दिला होता, पडद्यांचं शिक्षण कुणी घ्यायचं नाही. सगळ्यांत आधी हात वर केला तो डेरेक मॅबीने. अकरा वर्षं गाडीच्या पुढे डेरेक, मागे ऑर्मंड. ऑर्मंडच्या बायकोने दिलेले माशाचे वडे निम्मे डेरेकच्याच पोटात जायचे.

तर हा डेरेक दर मंगळवारी सुट्टी घ्यायला लागला. दाढ दुखते म्हणे. पाच मंगळवार झाले तशी ऑर्मंडच्या मनात पाल चुकचुकली. एका दाढेला पाच मंगळवार? आणि मग वडे कसे चावतो हा? असं मनात आलं की त्याला स्वतःचीच लाज वाटायची, पण संशय काही जाईना.

नियम साधा होता. गार्डाने दारं लावायची, आत येऊन दोनदा बेल द्यायची, ड्रायव्हरने उलट दोनदा द्यायची, मगच गाडी हलायची. त्या बुधवारी दुपारी एका बाईची बाबागाडी उतरवून द्यायला ऑर्मंड फलाटावर वाकला होता. मागे दारं लागली. वळून बघतो तो गाडी चालू! बेल नाही, काही नाही. डेरेकने पडद्यात बघून स्वतःच दारं लावली होती आणि निघून गेला होता. दाढेच्या नावाखाली दर मंगळवारी पडद्यांचं शिक्षण घेऊन हात तसाच वळवून घेतला होता ना.

ऑर्मंडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फलाटावरच्या फोनवरून त्याने कंट्रोलला कळवलं. तिथल्या माणसाने विचारलं, "बेल दिली होतीत का?"

नाही म्हटलं तर डेरेकची नोकरी जात होती आणि कॅमेऱ्यांचं घोडं अडत होतं. हो म्हटलं तर चूक ऑर्मंडची. अकरा वर्षं आडवी आली.

"दिली होती. मग मीच परत खाली उतरलो."

"असू दे. गाडी नीट पोचली तुमच्याशिवाय. कुणाला खरचटलंसुद्धा नाही."

ऑर्मंडने फोन आदळला. मागच्या गाडीने तो पुढच्या स्टेशनावर पोचला. तिथे रोखून धरलेल्या गाडीपाशी डेरेक पांढराफटक होऊन उभा होता.

"काय सांगितलंस त्यांना?"

"माझी चूक झाली म्हणून सांगितलं."

डेरेकने आजूबाजूला बघून घेतलं. मग हळूच म्हणाला, "त्याबदल्यात काय पाहिजे तुला?"

त्याने आईवरून शिवी दिली असती तरी चाललं असतं, असं ऑर्मंडला वाटलं.