कमळाबाई आणि पाठीवरचा बिबा

गावात बोलतात, अंगणवाडीची कमळाबाई लोकांची पोरं पळवून आश्रमाला देते. साफ खोटं. गावातून एकच पोर गेलं, चार वर्षांचा झिंगू, आणि तो वरोऱ्याला आईसोबत आजीकडे आहे. कसा गेला ते सांगते. त्या दिवशी धाकट्या भावाला घेऊन मी अंगणवाडीतच होते.

वजन करताना कमळाबाई पोरांचे सदरे काढते. झिंगूचा काढला तर पाठीवर आठ गोल डाग. त्याची आई साधना घाईनं म्हणाली, "बिबा देल्ला, बाई. पोट दुखे त्याचं."

आमच्याकडे पोट दुखलं की तापलेल्या बिब्याचा चटका देतात. माझ्याही पोटावर दोन आहेत. म्हणून डाग बघून कोणी काही विचारत नाही. कमळाबाईनं विचारलं, "पोट दुखते त बिबा पाठीले काऊन? अन् एक डाग जुना, एक ओला. रोजच दुखते का याचं पोट?"

साधना रडायलाच लागली. चटके विडीचे होते, देणारा बाप, धनराज.

धनराज भजनात पेटी वाजवतो. कमळाबाईनं सरपंच आणि पोलीस पाटलांना अंगणवाडीत बोलावलं, तर मग काय! सरपंच गुणवंतराव आधी तीनदा खाकरले (हे मला हुबेहूब जमतं), मग म्हणाले, "बाई, घरातली गोष्ट हाय. धनराज आपला मानूस हाय."

"अन् झिंगू का दुसऱ्या तालुक्याचा हाय, भाऊ?"

पोलीस पाटील म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं, तर म्हणे, "एवढं लंबं काऊन लिवलं?"

"मंग चित्र काढून देऊ का तुमाले?" कमळाबाईनं कपाळावर हात मारला आणि तिथूनच पोरांच्या मदतीचा १०९८ नंबर लावला. दोनदा कटला. तिसऱ्यांदा लागला, तर गावाचं नाव पाचदा सांगावं लागलं.

मी म्हटलं, "बाई, कोनी येत नाई. आले त आलूबोंडे माह्याकडून."

"दोन प्लेटा," ती म्हणाली, आणि झिंगूला मांडीवर घेऊन दारातच बसली. धनराज न्यायला आला, तर जागची हलली नाही. "वजन चालू हाय," म्हणाली. दोन तास वजनच चालू!

तीन वाजता १०९८ वाल्यांची जीप आली, त्यातून एक मॅडम उतरल्या. कमळाबाईचा हात धरून साधनानं मॅडमला सगळं सांगितलं. मायलेकांना आधी दवाखान्यात न्यायचं ठरलं.

मी मुकाट्यानं टपरीवर गेले. झिंगूनं जीपमध्ये बसून दोन आलूबोंडे खाल्ले आणि तिसऱ्यासाठी हात पुढं केला.