सुतकातला रविवार

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझा देवावरचा विश्वास उडाला नव्हता, पण त्याच्याशी बोलायचा कंटाळा आला होता. दोन वेळा हाती काही लागलं नाही, आणि तिसऱ्या खेपेला दिवस राहिले होते. गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेला, रक्तदाब चढलेला, आणि डॉक्टरबाईंचा एकच हुकूम, पडून राहायचं. विट्याच्या आमच्या घरात डाव्या कुशीवर पडून पडून मला भिंतीचे पोपडेसुद्धा पाठ झाले होते. पंधरवड्याला गाडीत आडवं करून सांगलीला तपासणीला न्यायचे, तेवढंच काय ते जग दिसायचं. वजन, रक्तदाब, पोटावर ती थंडगार जेल, आणि पडद्याकडे बघणाऱ्या डॉक्टरबाईंच्या चेहऱ्याकडे मी बघत राहायची. "वाढ जरा मागे आहे, बघू या," असं त्या म्हणाल्या की परतीचा रस्ता संपता संपायचा नाही. काही न करता माणूस इतकं दमतं, हे साताऱ्याला माहेरी कुणाला सांगूनही पटलं नसतं.

सासूबाईंनी आमच्या कुलदैवताला, सिद्धनाथाला, नवस बोलला होता. सातवा सरला की सुनेला पायाशी घेऊन येते. देवाचं ठाणं आटपाडीच्या बाजूला, रस्ता खडबडीत. सातवा सरला आणि सगळ्यांच्या बोलण्यात तो नवसच येऊ लागला. वाढ मागे राहिली, नवस राहिलाय म्हणून. पाय सुजले, तरी तेच. माझ्या यजमानांचं कोइमतूरला सोनं गाळायचं गलाईचं दुकान आहे, देवाचा वार म्हणून जायला रविवार ठरला, तो गाठायला ते दोन रात्री प्रवास करून आले. डॉक्टरबाईंना मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं तर त्या नाही म्हणणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मला तरी कुठे विचारायचं होतं? एकदा तिथे डोकं टेकलं की माझं बाळ सुखरूप येईल, एवढ्या एका आशेवर मी दिवस ढकलत होते.

आणि शनिवारी दुपारी कवठे महांकाळहून फोन आला. भाऊकीतले एक आजोबा वारले. माझे चुलत आजेसासरे. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. सासरे आणि यजमान लगोलग मातीला गेले, ते रात्री उशिरा परतले. घराला सुतक लागलं, म्हणजे दहा दिवस देवाची पायरी चढायची नाही. मला इतकं रडू आलं! "त्यांना हाच दिवस सापडला होता का?" मी उशीत तोंड खुपसून म्हणाले. सासूबाईंनी पाठीवर हात ठेवला. "गप गं बाय. गेलेल्या माणसाला आसं बोलू न्हाई." पण त्यांचाही आवाज रडवेला झाला होता.

त्या गडबडीत एक गोष्ट सगळेच विसरले. गाडीवाल्या रशीदभाईंना नको म्हणून सांगायचं राहिलं. रविवारी सकाळी ते दारात हजर. गाडी धुऊन पुसून, मागची सीट पाडून, तिच्यावर स्वतःच्या घरची जाडजूड गादी टाकून आणलेली. सासूबाई ओशाळल्या. "आवं भाऊ, सुतक पडलं. तुमाला कळवायचं राह्यलंच की."

"व्हय का? कोण गेलं म्हणायचं?" त्यांनी टोपी सारखी केली, दोन शब्द हळहळीचे बोलले. जायला वळले आणि पुन्हा थांबले. "काकी, मंगळवारी ताईला सांगलीला न्यायचं हाय न्हवं? मंगळवारी मला लग्नाचं भाडं हाय, म्या सांगणारच हुतो. गाडी आलीय, गादी घातलीय, तर आजच दावून आणू की."

"रविवारी कोण बसतंय दवाखान्यात?" यजमान म्हणाले.

"फोन करून तर बघा. न्हाई म्हणाले तर म्या माघारी जातो."

फोनवर दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, या, निदान ठोके बघून ठेवते. मला खरं तर उठायचं जिवावर आलं होतं. आदल्या दिवसापासून बाळ फारसं हललं नव्हतं, पण मला वाटलं, मी रडले, दमले, तसं तेही दमलं असेल. अडाणीपणा म्हणा, नाहीतर थकवा म्हणा.

सांगलीला पोचल्यावर सिस्टरनी पोटाला ठोके मोजायचा पट्टा बांधला. थोड्या वेळाने त्या लगबगीने बाहेर गेल्या आणि डॉक्टरबाई घरच्या साडीतच धावत आल्या. भोवतालचं पाणी आटलं होतं, बाळाला रक्त नीट पोचत नव्हतं. "आत्ताच काढावं लागेल," त्या म्हणाल्या. यजमानांनी विचारलं, "मंगळवारपर्यंत थांबलं तर?" "तोवर ठोके राहायचे नाहीत," म्हणत त्या हात धुवायला वळल्या. मला आत नेताना मी कुणालाच हाक मारली नाही. आटपाडीकडच्या त्या खडबडीत वाटेवर आत्ता आम्ही असतो, एवढंच मनात आलं. मग म्हटलं, देवा, मी थकले. आता तूच बघ काय ते.

मुलगी झाली. मुठीएवढा जीव. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. सासूबाईंचं वेगळंच. "सुतकात सुवेर आलं की गं! आता देवापुढं दिवा कोण लावायचा?" त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मरणाचं सुतक होतंच, त्यात जन्माचं सुवेर; घरात देवाला शिवायला कुणी उरलं नाही, देवळात जायची सोय नाही, नवस तसाच. हात जोडून पेटीसमोर उभं राहायचं, एवढंच आमच्या हातात होतं. पण खरं सांगते, त्या दिवसांत मला नवस राहिल्याची भीती वाटली नाही. ज्याने दारात येऊ दिलं नाही त्यानेच वाट वळवली, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. कुणी याला योगायोग म्हणेल, म्हणो बापडे. रशीदभाईंना मी एकदा म्हटलं, तुमच्यामुळे पोर वाचली. ते म्हणाले, "म्या कोण, ताई? लग्नाचं भाडं आलं नसतं तर म्या कशाला बोललो आसतो?"

पोर वाढली, बाळसं धरलं. नवसही फेडला, तिला कडेवर घेऊनच. अजूनही थकले की माझी जुनी सवय उसळते, सगळं मुठीत धरून ठेवायची. मग मी मूठ सोडते, जमेल तेवढी.

रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावते तेव्हा सिद्धनाथाचं नाव घेते, आणि त्याच्या मागोमाग कवठे महांकाळच्या त्या आजोबांचं. त्यांचा चेहरा मला माहीत नाही. लेक शेजारी बसून हात जोडते आणि माझ्यामागोमाग तेही नाव म्हणते.