टप कापलेली मोटार

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी रागावले नाही, नुसता कपाळावर हात मारून घेतला. यजमान कचेरीतून आले ते टांग्यानं नाही, स्वतः मोटार हाकत आले. लांब नाकाची, हिरवी, विलायती मोटार; साहेबलोक शर्यती लावायचे तसली. आणि तिला टपच नव्हता!

"अहो, टप कुठं गेला हिचा?" मी चिकाच्या पडद्याआडून विचारलं.

"कापला," हे म्हणाले. असं कौतुकानं, की जणू यांनीच कापला!

मोटार एका जहागीरदारांची होती. दसऱ्याच्या स्वारीत ते हत्तीवर बसत. हत्ती म्हातारा होऊन मेला. आता बंद मोटारीत बसलेले सरकार रयतेला दिसणार कसे? म्हणून इंदूरहून मिस्त्री आणवला आणि चांगल्या मोटारीच्या टपाला करवत लावली. मागं चवरी ढाळणाऱ्यांसाठी एक अरुंद बाक ठोकलं. पुढं संस्थान गेलं, जहागिरी गेल्या, सरकारांना बघायला कुणी थांबेना, तेव्हा मोटार विकायला निघाली आणि ती आमच्या दारात आली.

यांनी ती का घेतली हे मला आता कळतं, तेव्हा कळलं नव्हतं. यांचे आजे-पणजे दरबारच्या पागेवर होते. घोड्यांत वाढलेलं घराणं. संस्थानं विलीन होऊन मध्यभारत झाल्यावर कचेरीवरच्या पाट्या बदलल्या, वरचे अधिकारी बदलले, मुजरे बंद झाले. हे रोज तीच टोपी घालून जात आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत येत. जुन्यातलं काहीतरी यांना हाताशी हवं होतं. एवढी सोपी गोष्ट, पण तोंडानं सांगतील तर शपथ.

अडचण एकच होती. आमच्याकडे गोषा होता. लग्न होऊन मी उज्जैनला आले त्याला तेरा वर्षं झाली होती, आणि तेरा वर्षं मी बाहेर पडले ती पडदा सोडलेल्या टांग्यातूनच. अशा घरात हा माणूस उघडी मोटार घेऊन येतो!

मोटारीवरून मी घर डोक्यावर घेतलं असतं, पण माझं भांडण तेव्हा वेगळंच चालू होतं. मुलीला बारावं सरलं होतं. शाळेची बाई घरोघरी फिरून मुली गोळा करून न्यायची. तिला यांनी सांगून टाकलं होतं, दसऱ्यानंतर आमच्या दारी येऊ नको. झालं! शाळा संपली. मुलगी गणितात पहिली येते, तिला भूगोलाचं वेड, नकाशे काढून भिंती भरून टाकते, त्याचं काही नाही. हे वाईट नव्हते हो. मुलीवर जीव टाकायचे. तिला ताप आला तर उशाशी बसून राहायचे. पण रीत म्हटलं की बापातला बाप कुठं जायचा कोण जाणे.

"संस्थान गेलं, मग रीतच तेवढी का राहिली?" मी एकदा जेवताना विचारलं. हे ताटावरून उठून गेले. दोन दिवस अबोला.

त्या अबोल्यातच मोटारीला पडदा बसला. मिस्त्रीनं मागच्या बाकाभोवती लोखंडी सळया उभ्या केल्या. भैरवगढच्या छीप्याकडून जाड कापड छापून आणलं, लाल बुट्ट्यांचं, सतरंजीसारखं वजनदार. ते वरून आणि चारी बाजूंनी लावलं. मोटार कसली, लग्नातली डोली दिसत होती! जहागीरदारांनी लोकांना दिसावं म्हणून टप कापला, आणि आम्ही लोकांना दिसू नये म्हणून तो पुन्हा शिवून घेतला. मी पोट धरधरून हसले. हे मात्र गंभीर. "आता कसं, दोन्ही साधलं," म्हणाले.

दसऱ्याला मोटारीची पूजा झाली, पागेत घोड्यांची व्हायची तशी. झेंडूची माळ घातली, चाकाखाली नारळ फोडला. मग आम्ही महाकालाला निघालो. हे पुढं, मी आणि मुलगी मागं पडद्यात. आत नव्या रंगाचा वास, उकाडा, आणि इंजिनाचा आवाज असा की दातावर दात वाजावेत. मुलगी तोंड फिरवून बसली होती. आदला दिवस तिच्या शाळेचा शेवटचा, तो तिनं रडून काढला होता.

टावरच्या चौकात गर्दी होती. समोरून कडब्याची बैलगाडी आली आणि तिचा खुंट आमच्या पडद्यात अडकला. गाडी तिकडं गेली, आम्ही इकडं, आणि कापड सळयांसकट टरकन् उपटून निघालं. डोळ्यांवर एकदम ऊन आलं. भर चौकात, भर सणाच्या दिवशी, मी उघडी!

"खाली वाका!" हे ओरडले.

मी वाकण्याआधी मुलगी वाकली. चटकन माझ्या मांडीत तोंड खुपसून, पदर ओढून, अंग चोरून. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मला बघूनच शिकली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्या हनुवटीखाली हात घातला आणि तिला सरळ बसवलं. "वर बघ," म्हटलं.

मग मीही वर बघितलं. माणसं जमली होती खरी. पण कुणी म्हणत होतं, "वाह, क्या गाड़ी है!" कुणी यांना विचारत होतं, "साहब, कितना तेल पीती है?" दोघंजण चाकाशी बसून पाहत होते. एका पानवाल्याची नजर माझ्याकडे गेली. कुठल्याही गिऱ्हाइकाकडे बघावं तसं त्यानं बघितलं आणि पुन्हा पानाला चुना लावायला घेतला. बस्स, एवढंच! एवढ्या एका नजरेसाठी तेरा वर्षं? मला रडू फुटलं, आणि ते लाजेचं नव्हतं.

हे कापड गोळा करून आले आणि आमच्या अंगावर टाकू लागले.

"ठेवा ते खाली," मी म्हणाले.

"अहो, लोक बघताहेत."

"मोटारीला बघताहेत. मला कुणापासून झाकत होतात?"

यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं. कापड पुढच्या बैठकीवर टाकून यांनी मोटार हाकली. दर्शन राहून गेलं. घरापर्यंत मी ताठ बसले होते.

सुट्टी संपल्यावर मी सकाळी मुलीचं दप्तर भरलं. हे दारात आले.

"मी विचार केला," हळूच म्हणाले. "शाळा चालू राहू दे तिची. मिस्त्री आज पडदा लावून देईल. मी रोज मोटारीनं सोडीन."

माझ्या मनात आलं, घे, एवढं तरी दिलं. तोंडापर्यंत 'बरं' आलंही होतं. मग मुलीकडे बघितलं. ती खाली मान घालून उभी होती.

"पडदा नको," मी म्हणाले. "आम्ही पायी जातो."

चपला घालून मी उंबरा ओलांडला. मागून मोटार सुरू केल्याचा आवाज आला, मग ती बंद झाल्याचा. मी वळून पाहिलं नाही. तरातरा चालत गल्लीच्या तोंडाशी गेले आणि तिथं थबकले. उजवीकडे एक रस्ता, डावीकडे एक. तेरा वर्षं मी या गल्लीत राहत होते, आणि शाळा कुठल्या बाजूला आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मुलीनं माझा हात धरला.

"आईसाहेब," ती म्हणाली, "इकडून."