मुंबईत उतरलेलं व्याज

हेमावतीचं घर सोलापुरात एका कापडगिरणीच्या मागच्या बोळात होतं. नवरा गिरणीत मागावर होता. तो तापानं गेला तेव्हा तिची पंचविशीही उलटली नव्हती, मूलबाळ नव्हतं. अक्कलकोटकडचा भाऊ न्यायला आला, तर म्हणाली, "तितं भावजयीच्या चुलीपुढं बसण्यापरीस हितं माज्या चुलीपुढं बसते की." आणि तिनं खानावळ काढली. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, आमटी. पाळी सुटली की कामगार ओसरीवर पंगत धरून बसत. कुणी आजारी पडला तर ती त्याचा डबा खोलीवर पाठवून द्यायची आणि त्याच्या पैशांचं कधी बोलायची नाही.

गिरण्या जोरात होत्या त्या काळात, एकोणीसशे एकोणतीस साली, तिनं घरावर माडी चढवली. राहायला माणसं मिळत होती, भाडं येणार होतं. पैसे चन्नप्पा अडत्याकडून घेतले. घर गहाण, दरमहा शेकडा एक रुपया व्याज. त्या वेळी ते कुणालाच जड वाटलं नाही. माडीवर पहिला बिऱ्हाडकरू आला तो शिवयोगी, गावातल्या एका बँकेतला कारकून. एकटा होता, तिच्याच हातचं जेवायचा आणि तिला अक्का म्हणायचा.

दोन वर्षांत मंदी आली. ज्वारी-कापसाचे भाव कोसळले, गिरणीनं माणसं कमी केली, माडीवरचे बाकीचे भाडेकरू आपापल्या गावी गेले. हेमावती मुद्दल बाजूलाच ठेवून नुसतं व्याज भरत राहिली. सोन्याला बरा भाव आला तेव्हा पाटल्या मोडल्या. तेवढ्यात गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, बिरप्पा घर विकत घ्यायला तयार झाला. चन्नप्पाचं देणं भागवून वर तिच्या हातात थोडं उरेल एवढी किंमत तो देत होता, आणि खालचं स्वयंपाकघर तिलाच भाड्यानं ठेवणार होता. तिनं जवळजवळ हो म्हटलंच होतं.

त्याच आठवड्यात शिवयोगी बँकेतून घरी आला तो पायऱ्यांवरूनच बोलत. "अक्का, घर विकायची घाई करू नका. व्याजाचा दर उतरलाय."

"कुणाचा? चन्नप्पाआप्पांचा?"

"इंपीरियल बँकेचा. मुंबईहून तार आली." तेव्हा रिझर्व्ह बँक व्हायची होती, दर ठरवायची ती हीच. शिवयोगी ओसरीवर बसला आणि समजावून सांगू लागला. "बडी बँक ज्या दरानं आमच्यासारख्यांना पैसा देते, तो उतरला की आम्ही स्वस्तात कर्ज देतो. मग सावकाराकडं जास्त व्याजानं कोण जाईल? त्यालाही दर उतरवावाच लागतो."

"कवा?"

"चार-सहा महिन्यांत."

शिवयोगी खोटं बोलणारा नव्हता. हेमावतीनं बिरप्पाला नाही म्हणून सांगितलं.

बत्तीस सालच्या सुरुवातीला आठ टक्क्यांवर असलेला तो दर पावसाळ्यात चारावर आला. शिवयोगी दर वेळी बातमी आणायचा आणि ती दर वेळी त्याच्या ताटात भाकरी जास्त वाढायची. शेवटी ती स्वतःच चन्नप्पाच्या अडतीवर गेली. दुकानात मालाची पोती नव्हती, चन्नप्पा एकटाच बसला होता.

"आप्पा, मुंबईत व्याज निम्म्यावर आलंय म्हणत्यात. माजं थोडं कमी करा की."

"हेमाक्का, ते व्याज माझ्यापर्यंत येत नाही," चन्नप्पा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "मी पेठेतल्या शेटजींकडून पैसा उचलतो. त्यांनी मला पैभर कमी केलेलं नाही. उलट म्हणतात, लोक बुडायला लागलेत, तारण वाढवा. मी ज्यांना दिलं त्यातल्या निम्म्यांनी या साली तोंड दाखवलं नाही. तुम्ही तरी आलात."

"मग कुणासाठी उतरलं ते?"

"ज्यांना कुणीही पैसा देईल, त्यांच्यासाठी."

शिवयोगीनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तिला आपल्या बँकेत नेलं. मॅनेजरांनी तिला खुर्ची दिली. पण बँक गोदामातल्या मालावर, सोन्यावर, सरकारी कागदांवर पैसे देत होती, घरावर नव्हे. "बाई, घर काही बाजारात उचलून नेता येत नाही," ते म्हणाले. "आणि आज ते घ्यायला गिऱ्हाईक कुठं आहे?" पैसा पडून होता, त्याला उठाव नव्हता, हे शिवयोगी रोज पाहत होता. तरी तो तिला घेऊन बाहेर आला.

याच बँकेत हेमावतीनं भावाच्या मुलीच्या, दाक्षायणीच्या, लग्नासाठी थोडी ठेव ठेवली होती. दिवाळीनंतर तिचं व्याज आणायला ती गेली, तर हातात नेहमीपेक्षा कमी पैसे पडले. शिवयोगी खिडकीशी होता. तो खाली बघत म्हणाला, "अक्का, ठेवींचा दर कमी केलाय. बड्या बँकेचा उतरला ना, म्हणून."

तिनं पैसे पदराला बांधले. "म्हंजे ह्यो लगेच उतरला," एवढंच म्हणाली. मागची माणसं पुढं सरकली तशी ती बाजूला झाली.

पुढच्या वर्षी ती ठेव मोडून चन्नप्पाच्या व्याजात गेली. हुंड्याला पैसा राहिला नाही, म्हणून भावानं दाक्षायणीला वागदरीच्या एका प्रौढ बिजवराला दिलं. शिवयोगी बिरप्पाकडे जाऊन आला, पण गिरणीनं पगार कापला होता आणि बिरप्पाला आता घर नको होतं. गहाणाची मुदत संपली, कोर्टाचा हुकूम झाला. लिलावाला बोली लावणारा चन्नप्पा एकटाच होता. मिळालेल्या किमतीत कर्जही पुरतं फिटलं नाही. उरलेलं त्यानं सोडून दिलं. त्या घराला पुढं कितीतरी दिवस त्यालाही भाडेकरू मिळाला नाही.

हेमावती कुर्डुवाडीला गेली. स्टेशनाबाहेरच्या एका हॉटेलात भाकऱ्या थापायला राहिली. शिवयोगीला तिच्याकडं जायचा धीर होईना. पस्तीस साली बदलीवर पुण्याला जाताना तो मधेच कुर्डुवाडीला उतरला, तेव्हा गेला. ती मोरीपाशी भांडी घासत होती. हात पुसून बाहेर आली. वाळली होती, एका डोळ्यात फूल पडलं होतं.

"अक्का, मी तुम्हाला थांबवायला नको होतं."

"तुमी काय वाईट चिंतून सांगितलं व्हय?" ती म्हणाली. "तुमाला जे शिकवलं ते तुमी सांगितलं." मग म्हणाली, "दाक्षायणी मात्र बोलत न्हाय माज्याशी. तिचं बरुबर हाय."

आतून मालकानं हाक मारली. फलाटावर पंढरपूरची गाडी लागत होती आणि गिऱ्हाइकं यायला लागली होती. "जेवून जावा," असं म्हणून ती आत गेली. त्याला वाढायला दुसराच माणूस आला.

शिवयोगी जेवला, पैसे दिले आणि पुढच्या गाडीच्या वेळेपर्यंत बाकावर बसून राहिला. ती पुन्हा बाहेर आली नाही.