तुळयांसाठी धूर

साखर कारखान्यातून रिटायर झाल्यावर माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, अकलूजजवळच्या गावातलं आमचं माळवदाचं घर एकदम आठवलं. पणजोबांच्याही आधीचं घर. दगडमातीच्या जाड भिंती, सागवानी तुळया, वर पांढऱ्या मातीचं सपाट छप्पर आणि धूर जायला छपरात ठेवलेलं भोक, त्याला सवणं म्हणतात. चुलते ते पाडून स्लॅब टाकणार होते. आबा त्यांच्याशी कडाकडा भांडले, घर आपल्या वाट्याला घेतलं आणि होतं तसंच उभं करायचं मनावर घेतलं.

उभं केलं, ते मी नाकारत नाही. कुणीतरी मधेच थापलेलं सिमेंट खरवडून काढलं, दारांना तेल पाजलं, माळवदाची माती नवी घातली. गवंड्यानं एका कोनाड्याला सिमेंटचा हात मारला तर त्याला दिवसभर शिव्या खाव्या लागल्या. आबा ते घर तळहाताच्या फोडासारखं जपत होते. आम्हाला असं कधी जपलं नव्हतं, म्हणून मला त्या घराचा राग यायचा.

आई-आबा तिथं राहायला गेले आणि वर्षभरात तुळयांना भुंगा लागला. सकाळी जमिनीवर पिवळा भुसा पडलेला दिसायचा. औषध मारू या म्हटलं तर आबांना लाकूड काळं पडायची भीती. त्यांनी स्वतःच निदान केलं.

"पयलं घरात चूल होती. धुरानं लाकूड टिकलं. गॅसनं घात केला."

त्याच दिवशी सिलिंडर गोठ्यात गेला आणि आई चुलीपुढं बसली. आईला दमा आहे. तिचा पंप त्याच घरातल्या कोनाड्यात, आबांच्या चष्म्याशेजारी असायचा.

मी गावी जाऊन भांडले. "आबा, तिला श्वास घेता येत नाही."

"सवणं कशाला हाय मग? धूर वर निघून जातोय की."

"निघून जातो, तर तुळयांना कसा लागतो?"

"शिकलीस म्हणून लई बोलतीस," आबा म्हणाले. आई फुंकणी शोधत होती.

पुढं घराचं नाव झालं. सोलापुरातल्या कॉलेजची मुलं घर बघायला आली. आबांनी त्यांना एकेक खांब दाखवला, खांबावरची नक्षी दाखवली आणि शेवटी आई दाखवली. सवण्यातून येणाऱ्या उजेडात धूर फार छान दिसतो म्हणून त्यांना फोटो हवा होता. आईला खोकल्याची उबळ आली. मुलं चांगल्या घरची होती, उबळ संपेपर्यंत कॅमेरा धरून थांबली. मग त्यातली एक गोड आवाजात म्हणाली, "काकू, अजून थोडा धूर करता येईल?"

आईनं केला.

त्या हिवाळ्यात तिला सोलापूरला दवाखान्यात ठेवावं लागलं. नाकाला ऑक्सिजन होता. आबा भेटायला आले, स्टुलावर बसले आणि खिशातून कागदाची पुडी काढली. मला वाटलं, देवाचा अंगारा आणलाय. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल मायाही वाटली. त्यांनी पुडी उलगडून आईपुढं धरली. आत भुसा होता.

"बघ, तू न्हाईस तर किती पडलाय."

डॉक्टरांनी धूर कायमचा बंद सांगितला. मी आईला जुळे सोलापूरला माझ्या फ्लॅटवर आणलं. आबांना मी सांगितलं, तुम्हीही या. ते म्हणाले, घर कुणावर टाकू? गावातली कुठलीच बाई नुसता धूर करायला तयार होईना, तेव्हा ते स्वतःच चुलीपुढं बसायला लागले.

एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. आई जेवणाच्या टेबलावर मेथी निवडत होती. मी स्पीकर लावला. तिची तब्येत त्यांनी विचारली नाही.

"अगं, वाळकं सरपण घातलं की नुसता जाळ होतोय. धूर वर पोचंना. तू काय घालायचीस?"

आईनं हातातली काडी खाली ठेवली. "ओली बाभळ घाला. वर उसाचा पाला टाका."

"बरं. आन्?"

"दार लावून घ्या. सवणं निम्मं झाका. आन् तितंच बसून ऱ्हावा, उठलं की इझतंय."

हे तिनं स्वतः कधीच केलं नव्हतं. ती कोरडी लाकडं वापरायची, दार सताड उघडं ठेवायची, तरी गुदमरायची. मी तिच्याकडे बघितलं. ती पुन्हा मेथी निवडायला लागली होती.

पलीकडे दार ओढल्याचा आवाज आला. पाला चरचरला. जरा वेळानं आबांना खोकला आला, मग मोठी उबळ, मग घशातून शिट्टीसारखा आवाज. "आबा, दार उघडा!" असं ओरडून मी फोन उचलायला गेले.

आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ऐकू दे जरा."