पायाखाली आइस

ग्लॅडिसवैनी म्हणजे माझ्या मॉरिसदादाची बायको. ठाण्याच्या शाळेत मुलांना लेझीम शिकवलेली, गळ्यात शिट्टी, पाठ ताठ. टोरोंटोत येऊन प्रायमरी स्कूलमध्ये नोकरीला लागली तरी शिट्टी सुटली नाही आणि ताठपणाही नाही. लग्नात नाचायला ओढलं तर हात हलतील, मान हलेल, पण कंबर म्हणून हलायची नाही. आणि शहात्तर सालच्या हिवाळ्यात या बाईच्या डोक्यात वर्गाला सांबा शिकवायचं खूळ शिरलं. आता बोला!

खूळ भरवलं शेजारच्या अपार्टमेंटमधल्या इव्होनीनं. ब्राझीलची बाई, बेकरीत कामाला. लॉन्ड्रीरूममध्ये कपडे वाळेपर्यंत एकटीच नाचत बसायची. वैनीनं ते पाहिलं आणि तिला थेट चौथीच्या वर्गात नेऊन उभी केली. मग दर आठवड्याला एक तास तिचा. हीटरवर पोरांचे लोकरी हातमोजे वाळताहेत आणि पोरं इव्होनीच्या मागे डेस्कांमधून नाचताहेत. ती त्यांना आपल्या गल्लीतला कार्निव्हल सांगायची, आजीच्या हातचं काळ्या घेवड्याचं कालवण सांगायची. बेकरीत दिवसभर तोंड मिटून काम करणारी बाई तिथे नुसती फुलायची हो.

प्रिन्सिपॉलला मात्र धाकधूक. बाहेरच्या माणसाच्या हाती वर्ग देता येत नाही म्हणे. गुरुवारी पालकांसमोर वर्गशिक्षिकेनं स्वतः नाचून मुलांना नाचवावं, नाहीतर इव्होनीचा तास बंद. इव्होनी कोटाची बटणं लावायला लागली. ते वैनीला बघवेना, आणि मी नाचते म्हणून मोकळी झाली. अगं बाई, पण नाचणार कशानं?

रोज संध्याकाळी लॉन्ड्रीरूममध्ये तालीम सुरू झाली. आम्हा ज्यूंच्या पुरीम सणाच्या पुरणपोळ्यांसाठी आणलेली हरभऱ्याची डाळ कॉफीच्या डब्यात भरून मी खुळखुळवायची, इव्होनी बादली बडवायची, आणि मध्ये वैनीची कवायत. इव्होनी म्हणे, पाय मोकळे सोड, कंबर आपोआप मागे येईल. कसली येतेय! मॉरिसदादा डाळ शोधत खाली आला आणि बायकोला बघून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. वैनी ड्रायरला टेकून रडायला लागली. माझं असं डोकं फिरलं, दादाला जिन्यापर्यंत ढकलत नेलं.

बुधवारी पहाटे फ्रीझिंग रेन झाला, म्हणजे पडल्या पडल्या गोठणारा पाऊस. आम्ही तिघी बससाठी निघालो तर पार्किंग लॉटची नुसती काच झालेली. समोर बस दिसली, वैनी धावली, आणि पाय सटकला. पडली नाही हं! पडायचं नाही म्हणून तिनं जी काय भराभर बारीक पावलं टाकली, गुडघे वाकवून, हात पसरून, कंबर इकडून तिकडे, तिकडून इकडे!

"थांबू नकोस," इव्होनी मागून ओरडली, "हाच तो!"

बस गेली. आम्ही तिघी त्या गारठ्यात पोट धरून हसत बसलो.

गुरुवारी मी बँकेतून सुट्टी काढली आणि डबा घेऊन शाळेत गेले. शाळेचा जिमचा हॉल पालकांनी भरलेला. बादली वाजली आणि आमची वैनी सवयीनं अटेन्शनमध्ये उभी! पोरं तिच्याकडे बघताहेत, ती समोर बघतेय, इव्होनीचा चेहरा पांढरा पडलेला. मेली आता, म्हटलं. तेवढ्यात वैनीनं गळ्यातली शिट्टी काढून खिशात कोंबली.

"पोरांनो," ती म्हणाली, "पायाखाली आइस आहे. पडायचं नाही!"

झालं! टोरोंटोच्या पोरांना आइस काय शिकवायचा? सगळा वर्ग घसरायला लागला, आणि सगळ्यांच्या पुढे वैनी, तिची ती जन्माची रुसलेली कंबर भिंगरीसारखी फिरवत. पहिल्या रांगेतल्या आया उठल्या. मागे येऊन बसलेला दादा उठला. प्रिन्सिपॉल बसूनच होता, पण त्याचे बूट खुर्चीखाली चालू होते. शेवटी त्यानं इव्होनीला विचारलं, पुढच्या आठवड्यात हीच वेळ चालेल ना? तो तास वैनी रिटायर होईपर्यंत चालला.

घरी परतलो तेव्हा अंधार पडला होता. पार्किंग लॉटच्या एका बाजूला बर्फ वितळायला मीठ टाकून वाट मोकळी केलेली.

"इथे आल्यापासून मी या बर्फाला नुसत्या शिव्या दिल्या," इव्होनी म्हणाली.

आणि मीठ टाकलेली वाट सोडून ती मुद्दाम आइसवरून निघाली. तिच्या मागे वैनी, वैनीच्या मागे मी, आणि सगळ्यात मागे डाळीचा डबा वाजवत मॉरिसदादा.