जावयासाठी राखलेले जिताडे

आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात जावयाचा मान तळ्यात वाढतो. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची बोटभर पिल्लं आणायची, घरामागच्या गोड्या तळ्यात सोडायची, करंदी म्हणजे बारीक कोलंबी नि लहान मासळी घालून दोन-तीन वर्षं पोसायची आणि लेकीचा नवरा पहिल्यांदा जेवायला आला की त्यातला दांडगा मासा त्याच्या ताटात. माझ्या माहेरच्या जिताड्याचं माझा नवरा अजून कौतुक करतो. माझं केल्याचं आठवत नाही.

माझे सासरे, म्हणजे बाबा, नणंदेचं लग्न ठरायच्या आधीपासून तिच्या नवऱ्यासाठी जिताडे राखून होते. खरं तर मे महिन्यात तळं आटू लागलं की मोठे मासे काढून टाकतात, कारण उरलेल्या पाण्यातली हवा सगळ्यांना पुरत नाही. यंदाही मी सांगून पाहिलं. बाबांचं एकच, "जावई येऊन जाऊ दे." आणि जावयाला काही सुट्टी मिळेना. शेवटी मे सरता सरता मिळाली.

ते दोघं यायच्या आदल्या सकाळी आभाळ भरून आलं होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. तळ्याकडे गेले तर सगळे मासे वर, तोंडं उघडून हवा गिळताहेत. मोठे तर काठाशी येऊन कलंडत होते. गेल्या पावसाळ्यात सोडलेली पिल्लंही त्याच पाण्यात होती. सगळं तळं मेलं असतं तर बाबांनी हाय खाल्ली असती, याची मला खात्री होती.

नवरा धावत आला आणि पाणी ढवळायला थेट आत उतरू लागला.

"उतरू नको!" बाबा ओरडले. "खालचा काला चिखल वर आला तं हायेत ते पन मरतील."

मग त्याने पंप लावला आणि तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडू लागला. मासे काही खाली जाईनात.

"बाबा, मोठे काढा," मी म्हणाले. "लहान तरी जगतील."

"उद्या पोर येतेय."

"मग मेलेला मासा वाढणार का तिला?"

सासऱ्यांशी मी अशी कधी बोलत नाही. पण राग आला होता, खोटं कशाला सांगू?

बाबा फेकायचं जाळं घेऊन आले आणि काठावरूनच एकेक मोठा जिताडा ओढून काढू लागले. मी नणंदेला फोन लावला. "उद्याचं राहू दे, आजच या. तळ्यातले मासे वर आलेत." तिने माशांचं पुढे काही विचारलंच नाही. "बाबा कसे हायेत?" एवढंच म्हणाली.

दुपारी ऊन पडलं, खाडीवरून वारा सुटला, पाणी शांत झालं. एकही तोंड दिसेना. नवरा खूश. बाबा मात्र खूश नव्हते. मेलेला मासाही आधी तळाला जातो, फुगून वर येतो तो नंतर. त्यामुळे पिल्लं जगली की गेली, ते कळायला मार्ग नव्हता.

लेक-जावई आले. मी जिताडा रांधून पानं वाढली, पण बाबा मूठभर सुकी करंदी घेऊन काठावरच उभे. त्यांनी ती पाण्यात टाकली. तरंगत राहिली. पुन्हा टाकली. तीही तशीच राहिली. जावई भरल्या ताटावरून उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. नणंदेला रडू फुटलं. "माज्यापायी झालं सगलं," ती म्हणाली.

तेवढ्यात फटकन आवाज झाला. पाणी फुटलं आणि करंदी गडप. मग पलीकडे आणखी एक आवाज, मग आणखी.

बाबा मटकन खाली बसले. नणंद डोळे पुसत त्यांच्याजवळ टेकली आणि म्हणाली, "बाबा, आता आमच्यासाठी काय राखून ठेवू नका."

पाण्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "मंग पोसू कोनासाठी?"